पैकीच्या पैकी गुणांपलीकडे: हुशार मुलाला पुरेसे आव्हान मिळते आहे, हे कसे ओळखावे?

वार्षिक निकालाच्या दिवशी ज्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर प्रत्येक विषयापुढे ‘अ-१’ ही श्रेणी असते, त्याच्या पालकांना शाळेत विचारण्यासारखे काही उरत नाही, असे आपण सगळेच धरून चालतो. वर्गशिक्षिका कौतुकाचे चार शब्द बोलतात, आई-वडील समाधानाने घरी परततात आणि शिक्षिकांचा उरलेला वेळ मागे पडलेल्या मुलांच्या पालकांसाठी मोकळा राहतो. यात कोणाचे काही चुकते असे नाही. परंतु या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून जातो: या मुलाला आज जे येते, त्यातले किती त्याला गेल्या जूनमध्येच येत होते? या प्रश्नाचे उत्तर ‘बहुतेक सगळे’ असे असेल, तर त्या मुलाने वर्षभर शाळेत हजेरी लावली, शिकले मात्र फार थोडे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रज्ञा असलेल्या विद्यार्थ्यांविषयी स्वतंत्र परिच्छेद आहेत. अशा मुलांना शिक्षकांनी वर्गातच पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, विषयांनुसार मंडळे चालवावीत, आणि प्रज्ञावान मुलांचे शिक्षण हा बी.एड.च्या अभ्यासक्रमात विशेष विषय म्हणून घेता यावा, असे त्यात म्हटले आहे. दिशा योग्यच आहे. मात्र समोर बसलेल्या एका मुलाला दिलेले काम पुरेसे अवघड आहे की नाही, हा रोजचा निर्णय कोणतेही धोरण घेऊ शकत नाही. तो शिक्षक आणि पालक यांनाच घ्यावा लागतो. माझे म्हणणे असे आहे की तो निर्णय गुणांवरून घेता येत नाही. मूल कुठे अडते आणि अडल्यावर काय करते, हे पाहिले तरच तो घेता येतो.

## प्रज्ञावान कोणाला म्हणायचे, हा वाद किती महत्त्वाचा?

एखाद्या किंवा अनेक क्षेत्रांत जे मूल आपल्या वयाच्या इतर मुलांपेक्षा बरेच पुढचे आणि बरेच लवकर शिकू शकते, त्याला या लेखापुरते आपण प्रज्ञावान म्हणू. अशी मुले शोधण्याचा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांचा एक मोठा अभ्यास सुरू केला. वयाच्या मानाने बुद्धी किती पुढे आहे हे दाखवणारा आकडा, म्हणजे बुद्धिगुणांक, प्रामुख्याने पाहून त्यांनी दीड हजारांच्या आसपास मुले निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा माग ठेवला. या अभ्यासासाठी चाचणी घेतली, पण निवड झाली नाही, अशा मुलांमध्ये विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये.

म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी व्याख्या रुंद केली. कनेक्टिकट विद्यापीठातील जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे प्रज्ञा दिसते. आपल्याकडे पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ मध्ये प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला सुरू झाली. त्याच काळात, १९६३ मध्ये, देशपातळीवरील प्रज्ञाशोध परीक्षेची सुरुवात विज्ञानाच्या परीक्षेपासून झाली. प्रज्ञा शोधण्याची परंपरा आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. शोधलेल्या मुलाला पुढे रोज पुरेसे काम मिळते का, हे तपासण्याची परंपरा मात्र फारशी नाही.

पालकांनी आणि शिक्षकांनी ‘हे मूल प्रज्ञावान आहे का?’ या प्रश्नावर फार काळ अडकू नये, असे मला वाटते. त्याचे उत्तर चाचणीगणिक बदलू शकते आणि ते मिळाले तरी उद्या सकाळी वर्गात काय करायचे हे कळत नाही. ‘आज याला दिलेले काम याला आधीपासूनच येत होते का?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, कारण त्याचे उत्तर कोणत्याही शाळेत, कोणत्याही चाचणीसंचाशिवाय शोधता येते.

## पूर्ण गुण काय सांगतात आणि काय लपवतात

घराच्या भिंतीवर मुलांची उंची मोजण्यासाठी चिकटवलेली कागदी पट्टी चार फुटांपर्यंतच असेल, तर चार फूट एक इंचाचे मूल आणि पाच फुटांचे मूल दोघेही तिच्यावर ‘चार फूट’च ठरतात. पट्टी खोटे बोलत नाही, पण तिच्या वरच्या टोकापलीकडे काय आहे ते तिला दिसत नाही. परीक्षेचेही असेच होते, आणि याला कमाल मर्यादेचा परिणाम म्हणतात. शंभरपैकी शंभर गुण मिळालेल्या दोन मुलींपैकी एकीला तो धडा नुकताच पक्का समजलेला असू शकतो आणि दुसरीला त्याच विषयातले तीन इयत्तांपुढचे येत असू शकते. प्रगतिपत्रकावर दोघी सारख्याच दिसतात. पूर्ण गुणांचा अर्थ ‘आव्हान पुरेसे आहे’ असा नसून ‘या प्रश्नपत्रिकेने याविषयी काही सांगता येत नाही’ असा आहे.

यावर एक सरळ उपाय अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे ज्युलियन स्टॅनली यांनी काढला. गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास त्यांनी १९७१ मध्ये सुरू केला आणि १९७२ पासून सातवी-आठवीच्या मुलांना तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी सतरा-अठरा वर्षांची मुले देतात ती परीक्षा द्यायला लावली. वर्गातल्या परीक्षेत जी मुले एका रांगेत पहिली आली होती, ती या परीक्षेत दूरदूर विखुरली गेली. कोणाला थोडेसे पुढचे काम हवे आहे आणि कोणाला कितीतरी पुढचे, हे प्रथमच दिसू लागले. आपल्या शाळेतील शिक्षकाला यासाठी परदेशी परीक्षेची गरज नाही. पाचवीतल्या मुलाला सातवीच्या पुस्तकातला एखादा सरावसंच, निकालाचे कोणतेही दडपण न ठेवता, सोडवायला दिला तरी मोजपट्टी पुरेशी लांब होते.

उलट बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. श्रीनिवास रामानुजन यांना कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली होती, पण गणितापुढे इतर विषयांकडे लक्ष न दिल्याने ती गेली, आणि पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातूनही ते एफ.ए.ची, म्हणजे पदवीआधीच्या टप्प्याची, परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. चांगले गुण जसे पुरेशा आव्हानाचा पुरावा नाहीत, तसे वाईट गुण हा क्षमता नसल्याचा पुरावा नाही.

## ‘योग्य अवघड’ म्हणजे नेमके किती अवघड?

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी दिलेले एक उदाहरण या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालते. दहा वर्षांची दोन मुले आहेत आणि स्वतंत्रपणे दोघेही आठ वर्षांच्या मुलाला जमतील इतकीच कोडी सोडवतात. चाचणी इथेच थांबवली, तर दोघे सारखे ठरतात. पण मोठ्या माणसाने थोडे सुचवले, पहिली पायरी दाखवली, की त्यातला एक मुलगा बारा वर्षांच्या पातळीपर्यंत जातो आणि दुसरा नऊपर्यंतच. स्वतःच्या बळावर जमते ते आणि थोड्या मदतीने जमते ते, यांमधल्या पट्ट्याला त्यांनी निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. खरे शिकणे त्या पट्ट्यात होते.

यातून शिक्षकाला आणि पालकाला एक साधी कसोटी मिळते. मुलाला कधीच मदत लागत नसेल, तर काम त्याच्यासाठी सोपे आहे. मदत करूनही काही उलगडत नसेल आणि पुढची पायरीही मोठ्या माणसालाच सांगावी लागत असेल, तर ते सध्या फार अवघड आहे. एखादी छोटी सूचना मिळताच मूल स्वतःहून दोन पावले पुढे जात असेल, तर काम योग्य जागी आहे. इथे पाहायचे असते ते सूचनेनंतर काय घडते. उत्तर बरोबर येणे ही त्यानंतरची गोष्ट आहे.

अधिक काम आणि अधिक अवघड काम यांत होणारी गल्लत सर्वांत नुकसान करते. गुणाकाराची दहा उदाहरणे पाच मिनिटांत संपवणाऱ्या मुलीला आणखी वीस उदाहरणे दिली, तर तिला लवकर काम संपवल्याची शिक्षा मिळते. काही आठवड्यांत ती सावकाश काम करायला शिकते, आणि मग शिक्षकांना वाटते की आता काम तिच्या जोगे झाले आहे.

## एका प्रश्नात काय काय दिसते

पाचवीच्या वर्गात विभाजक शिकवून झाले आहेत असे समजा. ज्या मुलाचा सरावसंच इतरांच्या आधी संपला, त्याला एवढेच विचारावे: १ ते ५० मधल्या कोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते?

प्रश्नाचे शब्द पाचवीच्या मुलाला परिचित आहेत; नवीन काही शिकवावे लागत नाही. बहुतेक मुले प्रथम यादी करू लागतात. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२, म्हणजे सहा, सम. ९ चे १, ३, ९, म्हणजे तीन, विषम. काही वेळाने १, ४, ९, १६ अशी ओळ दिसू लागते आणि मूल म्हणते, ‘वर्गसंख्या!’ अनेक हुशार मुले इथे थांबतात, कारण शाळेने त्यांना उत्तर आले की काम संपते असे शिकवलेले असते. खरा प्रश्न इथून सुरू होतो: असे का होते? ५० च्या पुढेही होईल, याची खात्री कशावरून?

आता मुलाकडे नीट पाहावे. विभाजक नेहमी जोडीने येतात, ३६ साठी १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, आणि मग ६ ची जोडी ६ शीच लागते, हे कोणी क्षणात सांगेल. त्याच्यासाठी हाही प्रश्न सोपाच होता आणि त्याला विचारावे की नेमके तीनच विभाजक असलेल्या संख्या कोणत्या. कोणी बराच वेळ घुटमळेल आणि ‘३६ चे विभाजक जोड्यांनी लिहून बघ’ एवढे म्हणताच त्याचा चेहरा उजळेल. त्याला आज योग्य काम मिळाले. आणि कोणी, वर्गात सतत पहिले येणारे मूल, दोनच मिनिटांत वही मिटून म्हणेल, ‘हे पुस्तकात नाही’ किंवा ‘हे परीक्षेला येणार आहे का?’ या शेवटच्या मुलाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. त्याची क्षमता कमी आहे म्हणून नव्हे, तर अडण्याची त्याला सवयच लागू दिलेली नाही म्हणून. पहिली चार-पाच वर्षे जे मूल कधी अडत नाही, ते न येणे म्हणजे आपण हुशार नसणे, असा समज करून घेते, आणि पुढे आठवी-नववीत बीजगणित किंवा अकरावीत कलन (कॅल्क्युलस) समोर आले की त्याच्याकडे बुद्धी असते पण झगडण्याची रीत नसते.

भाषेत आणि इतिहासातही हे करता येते. धड्यातली घटना दुसऱ्या पात्राच्या बाजूने लिहायला सांगणे किंवा एकाच प्रसंगाचे दोन परस्परविरोधी वृत्तान्त देऊन कोणता अधिक विश्वासार्ह आणि का, हे विचारणे, अशा कामांना वरची मर्यादा नसते. मूल जितके पुढे जाऊ शकते तितके जाते आणि कुठवर गेले ते कागदावर उरते.

## शिक्षकाच्या हाती असलेली साधने

महाराष्ट्रातील शाळांमध्ये आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आहे. सत्राच्या शेवटच्या लेखी परीक्षेसारख्या संकलित मूल्यमापनाबरोबर त्यात आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकणे चालू असतानाचे मूल्यमापन, असते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी त्याची तंत्रे आहेत. शिवाय शिक्षकांना प्रत्येक मुलाविषयी विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक अशा शीर्षकांखाली वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. ही रचना प्रज्ञावान मुलांना लक्षात घेऊनच केली असावी इतकी त्यांना उपयोगी आहे, पण तिचा तसा वापर क्वचित होतो. पहिल्या येणाऱ्या मुलाच्या ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘अक्षर सुधारावे’ असे काहीतरी लिहिलेले असते, किंवा तो कोराच असतो. ज्या मुलाच्या बाबतीत शिक्षकाला सुधारण्याजोगे काहीच सापडत नाही, त्या मुलाला अजून त्याच्या कुवतीचे काम दिले गेलेले नाही, असे समजायला हरकत नाही.

दुसरे साधन पूर्वचाचणीचे. प्रकरण शिकवून झाल्यावर जी घटक चाचणी घ्यायची, तीच प्रकरण सुरू करण्याआधी वर्गाला द्यावी. ज्यांना ती बव्हंशी सोडवता येते, त्यांना ते प्रकरण पहिल्यापासून ऐकवण्यात अर्थ नसतो. रेंझुली आणि त्यांच्या सहकारी सॅली राइस यांनी याच तत्त्वावर अभ्यासक्रम आटोपशीर करण्याची पद्धत बसवली, आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या अभ्यासात असे आढळले की जास्त क्षमतेच्या मुलांसाठी शिक्षकांनी नेहमीच्या पाठ्यांशातला सुमारे ४० ते ५० टक्के भाग वगळला तरी त्यांच्या चाचणीतील कामगिरीत घट झाली नाही. अमेरिकेतील आकडा आपल्या पाठ्यपुस्तकांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तत्त्व तपासून पाहायला एक कोरा तास पुरतो.

निरीक्षणात मात्र जपून राहावे लागते, कारण आव्हान कमी पडल्याच्या खुणा अनेकदा दुर्गुणांसारख्या दिसतात. सोप्या उदाहरणांत निष्काळजी चुका आणि अवघड उदाहरण मात्र बरोबर, गृहपाठ अर्धवट, शेजारच्याशी बडबड, बाकाखाली दुसरेच पुस्तक उघडलेले, शिक्षकाच्या विधानातली फट शोधणारे प्रश्न, हे सगळे उद्धटपणातून किंवा आळसातूनही येऊ शकते आणि रिकाम्या मनातूनही. फरक ओळखण्याचा मार्ग एकच आहे: काम बदलून पाहावे. अवघड आणि रस वाटेल असे काम दिल्यावर बडबड थांबली, तर कारण कळले. थांबली नाही, तर दुसरीकडे शोधावे.

## पालकांना जे दिसते ते शिक्षकांना दिसत नाही

शिक्षकाकडे तुलनेची दृष्टी असते. त्याच वयाची शेकडो मुले त्याने पाहिलेली असतात. पालकाकडे ती नसते, पण त्याला मुलाचे संपूर्ण दिवसभराचे मन दिसते. शाळेतून आल्यावर मूल काय सांगते, सुट्टीच्या दिवशी कोणी न सांगता कशात तासन् तास रमते, हरल्यावर काय करते, हे घरीच कळते. घरी आगगाड्यांची वेळापत्रके घेऊन स्वतःचे मार्ग आखणारा मुलगा शाळेत बेरजा-वजाबाक्यांत चुकत असेल, तर ही माहिती शिक्षकांपर्यंत पोचवणे पालकांचे काम आहे.

ती कशी पोचवावी, यावर बरेच अवलंबून असते. पालक सभेत ‘बाई, आमच्या मुलीला वर्गात कंटाळा येतो’ असे म्हटले की ते तक्रारीसारखे ऐकू येते, आणि तीस-चाळीस मुले सांभाळणाऱ्या बाई सहजच बचावाच्या भूमिकेत जातात. त्याऐवजी घरी केलेल्या कामाची वही दाखवून ‘या महिन्यात तिला आधी येत नव्हते असे काय शिकून झाले, ते आपण दोघी मिळून पाहू या का?’ असे विचारले, तर संभाषण मुलीच्या कामाविषयी होते. घरीही प्रश्न बदलता येतो. ‘किती गुण मिळाले?’ याच्याऐवजी ‘आज कुठे अडलीस?’ असे रोज विचारावे. आठवडाभर ‘कुठेच नाही’ हेच उत्तर येत असेल, तर ती बातमी कौतुकाची नाही.

## ज्यांची हुशारी कागदावर उमटत नाही

शिक्षकाच्या मनातले हुशार मूल बहुधा नीटनेटके, आज्ञाधारक आणि शाळेच्या भाषेत सफाईने बोलणारे असते. म्हणूनच काही मुले या नजरेतून सतत निसटतात. नंदुरबारच्या किंवा मेळघाटच्या शाळेत घरी पावरी किंवा कोरकू बोलणारे मूल प्रमाण मराठीत उत्तर द्यायला चाचरते, आणि त्याचे चाचरणे न समजण्यात जमा होते. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेले मूल तोंडी विचारले तर अचूक तर्क करते, पण लेखी परीक्षेत मागे राहते; त्याची हुशारी आणि अडचण एकमेकींना झाकतात आणि ते साधारण मूल म्हणून वर्गात हरवते. काही मुली मैत्रिणींपासून वेगळे पडू नये म्हणून माहीत असलेले उत्तरही देत नाहीत. अशा मुलांना आधी सोपे काम देऊन ‘पाया पक्का’ करण्याचा आग्रह धरला जातो, आणि त्यांच्या वाट्याला अवघड विचार कधी येतच नाही. भाषेची अडचण असेल तर भाषेला आधार द्यावा, पण प्रश्नाची खोली कमी करू नये.

## ‘शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा आणि क्लास आहेतच की’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. पूर्वी चौथी-सातवीला आणि २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला घेतली गेलेली शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयांची सहावीची प्रवेश परीक्षा, सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा यांनी अनेक पिढ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेर पाहायला लावले, विशेषतः ग्रामीण भागातल्या मुलांना, हे निर्विवाद आहे. पण तयारीची रीत पाहिली पाहिजे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे ठरावीक प्रकार शंभरदा सोडवून घेतले की तोच प्रश्न, जो प्रथम पाहताना खरोखर अवघड होता, सरावाचा भाग बनतो. मग ती परीक्षा वेग मोजते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालणाऱ्या ऑलिम्पियाड प्रशिक्षणात किंवा प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी गणिताकडे पाहण्याची रीत याहून वेगळी असते: प्रश्न थोडे असतात आणि एकेका प्रश्नावर दीर्घकाळ विचार करायचा असतो. क्लासविषयी पालकांनी एवढेच विचारावे की तिथे माझे मूल पूर्वी न पाहिलेल्या एका प्रश्नावर किती वेळ एकटे विचार करते.

## ‘मग वरच्या इयत्तेतच का बसवू नये?’

आपल्याकडे पूर्वी एखाद्या मुलाला ‘डबल प्रमोशन’ मिळत असे. आता वयानुरूप वर्गावर भर असल्याने ते विरळा झाले आहे. विचारपूर्वक केलेल्या अशा बढतीने मुलांचे सरसकट नुकसान होते, ही समजूत दशकांच्या संशोधनात टिकलेली नाही. पण ती सर्वांसाठी नाही आणि एकाच पद्धतीची असण्याचीही गरज नाही. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात १९७५ मध्ये जन्मलेले गणितज्ञ टेरेन्स ताओ यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्यांना साडेतीन वर्षांचे असताना शाळेत घालून पाहण्यात आले, पण ते जमत नाही असे दिसताच आई-वडिलांनी त्यांना काढून घेतले आणि पाच वर्षांचे झाल्यावर पुन्हा पाठवले. त्यानंतर ते वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या इयत्तांत बसत, म्हणजे गणितात कितीतरी पुढच्या वर्गात आणि काही विषयांत जवळपास आपल्या वयाच्या मुलांबरोबर. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी १९८६ मध्ये कांस्य, १९८७ मध्ये रौप्य आणि १९८८ मध्ये सुवर्णपदक मिळवले आणि २००६ मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला अत्यंत मानाचा पुरस्कार मिळाला. बुद्धीची ही झेप विरळाच आहे आणि तिची नक्कल करता येत नाही. पालकांची रीत मात्र घेण्याजोगी आहे: पाऊल टाकून पाहिले, जमले नाही तर मागे घेतले, आणि प्रत्येक विषयाचा निर्णय स्वतंत्रपणे केला. आपल्याकडच्या शाळेतही सहावीतल्या मुलीने गणिताच्या तासाला आठवीच्या वर्गात बसण्यासाठी वेळापत्रकाची थोडी जुळवाजुळव आणि मुख्याध्यापकांची तयारी, यापलीकडे फारसे काही लागत नाही.

## ‘चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने किती करावे?’

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत तीस आणि उच्च प्राथमिक वर्गांत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पण अनेक वर्ग याहून भरलेले आहेत आणि शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भारही आहे. शिवाय ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्याकडे आधी लक्ष द्यावे, ही भावना न्याय्य आहे. म्हणूनच प्रत्येक मुलासाठी वेगळा पाठ आखण्याची अपेक्षा मी करणार नाही. पण विभाजकांसारखा वरून मोकळा असलेला एक प्रश्न आठवड्यातून एकदा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, तर तो सर्वांसाठी असतो, त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही, आणि कोण कुठवर पोचते हे पाहताना कधी कधी मागच्या बाकावरचे नाव पुढे येते. काम लवकर संपवणाऱ्या मुलाला रोज इतरांना शिकवायला बसवणे ही मात्र सोय आहे, आव्हान नाही. अधूनमधून समजावून सांगितल्याने त्याचेही आकलन पक्के होते. तेच त्याचे कायमचे काम झाले, तर त्याचे स्वतःचे शिकणे थांबते.

## ‘आणि आव्हान जास्त झाले तर?’

ही भीती खरी आहे आणि तिच्या खुणाही ओळखता येतात. झोप बिघडणे, शाळेच्या वेळी पोटात दुखणे, पूर्वी आवडीने केलेले काम टाळणे, एक चूक झाली की संपूर्ण पान फाडणे, मित्रांबरोबर खेळायला जायला नकार देणे. अडलेले मूल त्रासलेले असते, चिडतेही, पण दुसऱ्या दिवशी त्या प्रश्नाकडे परत येते. दबलेले मूल परत येत नाही. पालक आणि शिक्षक यांचे मत वेगळे पडले, एकाला काम सोपे आणि दुसऱ्याला अवघड वाटले, तर दोन-तीन आठवडे एकाच विषयात काम बदलून पाहावे आणि मुलाने परत येऊन किती वेळा प्रयत्न केला याची दोघांनीही नोंद ठेवावी. जून-जुलैत केलेला अंदाज दिवाळीपर्यंत जुना होतो, कारण ज्या मुलांविषयी आपण बोलत आहोत ती वेगाने पुढे जातात. तेव्हा दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला पूर्वचाचणी पुन्हा घ्यावी, आणि या वेळी त्या मुलालाही विचारावे की त्याला कोणते काम अवघड गेले आणि कोणते पुन्हा करायला आवडेल.